डाव्या पायाचं दुसरं हाड – माझा अनुभव

मागच्या आठवड्यात अमरावतीकडच्या एका नाच शिकणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, ताई पाय वरून दुखतोय, एक्सरे नॉर्मल आलाय, सर म्हणतात नाच चालू ठेव, काय करू. तिच्याशी तासभर बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी नाचून नाचून माझ्या पायाच्या हाडाला भेग पडली तेव्हा मला हेच सांगणारं कोणी भेटलं असतं तर माझे सात महिने वाचले असते. म्हणून सगळं लिहून काढते, जसं आठवतं तसं.

मी दारव्ह्याकडची, यवतमाळ जिल्हा, घरी कापूस आणि तूर. गॅदरिंगमध्ये नाचायचे तेवढंच. कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा सतराव्या वर्षी पहिल्यांदा बॅलेचा क्लास पाहिला, खिडकीतून. उशीरच तसा, कारण जिथे बॅले मुरलेला आहे तिथे मुलं आठ-दहा वर्षांची असतानाच शाळेत घेतात. पण दिल्लीच्या विकासपुरीतल्या ई-रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा कमल सिंह, त्यानेही सतराव्या वर्षीच सुरुवात केली होती आणि २०२० मध्ये तो इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला लंडनला गेला, ती बातमी मी कापून वहीत चिकटवली होती. पाच वर्षं शिकले, लहान मुलांचे क्लास घेऊन फी भरली, आणि बाविसाव्या वर्षी एका डान्स कंपनीत लागले. आम्ही करतो ते कंटेम्पररी बॅले, म्हणजे पाया सगळा बॅलेचाच, रोज सकाळी बारला, म्हणजे आडव्या दांड्याला, धरून प्लिए, तांदू, रॉन्द द जाम्ब हे पायांचे व्यायाम तेच, पण स्टेजवर शरीर सरळ उभ्या रेषेत ठेवायची सक्ती नाही, तोल मुद्दाम सोडायचा, जमिनीवर लोळायचं, पाठ वळवायची, बऱ्याचदा अनवाणी नाहीतर मोज्यांवर. विल्यम फोर्साइथ या नृत्यदिग्दर्शकाने फ्रँकफर्टमध्ये १९८४ ते २००४ अशी वीस वर्षं यावर काम केलं, त्याची रेकॉर्डिंग बघून बघून आम्ही शिकलो. दिवस असा, दीड तास क्लास, मग संध्याकाळी सहापर्यंत रिहर्सल, मग माझे लहान मुलांचे क्लास कारण पगारावर भागत नव्हतं.

दुखणं जुलैत सुरू झालं. डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, मधोमध, बोट ठेवलं तर बरोबर एकाच ठिकाणी कळ. आधी फक्त उड्या मारल्यावर, मग चालताना, मग रात्री झोपेतसुद्धा. एक्सरे काढला, नॉर्मल. मी तो रिपोर्ट घेऊन आनंदाने रिहर्सलला गेले आणि पुढचे तीन आठवडे नाचले. हीच माझी सगळ्यात मोठी चूक, आणि हे मी त्या मुलीला तीनदा सांगितलं, की स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे एका दणक्यात मोडलेलं हाड नाही, रोजच्या भाराने पडलेली बारीक भेग असते ती, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा ती दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते. ऑगस्टमध्ये एमआरआय केला तेव्हा दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडाशी भेग. अंगठ्याच्या शेजारचं बोट असतं ना, त्याच्या मागचं पायातलं लांब हाड. त्याचं बूड मागच्या छोट्या हाडांमध्ये खाचेत बसवल्यासारखं अडकलेलं असतं, बाकीची हाडं थोडी सरकतात पण हे सरकत नाही, त्यामुळे आपण टाचा उचलून चवड्यांवर चढलो की भार तिथेच येतो. आणि आम्ही दिवसभर तेच करतो.

त्यात आमचा रिहर्सल हॉल म्हणजे काँक्रीटवर टाइल्स आणि टाइल्सवर पातळ विनाइल. नाचायच्या फ्लोअरला खाली लाकडाचा थर आणि त्याखाली फोम किंवा रबर लागतं, उडी मारून खाली आलं की फ्लोअरने थोडं दबलं पाहिजे, नाही दबला तर सगळा मार हाडावर. कंपनीचं नाव घेत नाही, पण आम्ही दोनदा बोललो होतो त्यांना. फ्रॅक्चर कळल्यावर केलेल्या दिवसांचे पैसे दिले आणि माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. करारात दुखापतीबद्दल एक ओळ नव्हती, मी सही करताना बघितलंच नव्हतं.

पण फ्लोअर अर्धंच कारण. डॉक्टरबाई एमआरआय बघत होत्या आणि वर न बघताच विचारलं, पाळी कधी आली होती शेवटची? मी म्हटलं मार्चमध्ये. मग त्यांनी वर बघितलं. मला खरंच वाटायचं की डान्सर लोकांचं असंच असतं, आमच्यात निम्म्या मुली असंच सांगायच्या आणि उलट बरं वाटायचं की कटकट गेली. त्यांनी कागदावर काढून दाखवलं, शरीर खर्च करतंय इतकं आणि पोटात जातंय इतकं, मग शरीर काटकसर करतं, ज्याच्यावाचून जगता येतं ते आधी बंद करतं, पाळी बंद होते, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, आणि हाड रोज झिजतं तेवढं रोज भरून निघायला हवं ते निघत नाही. २०१४ मध्ये ऑलिम्पिक कमिटीने याला, म्हणजे खर्चाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडण्याला, रेड-एस असं नाव दिलंय. माझं खाणं काय होतं तर सकाळी कॉफी, दुपारी डब्यातले पोहे, रात्री काकडी टोमॅटो आणि कधीतरी एक पोळी. वर्षभर आधी एकाने रिहर्सलमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं की लिफ्टला, म्हणजे नाचात उचलायला, जड होतेस, दोन किलो कमी कर. मी सहा केले. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला तर मणक्याची घनता वयाच्या मानाने कमी, व्हिटॅमिन डी पण कमी. सव्वीस वर्षांची होते मी.

पुण्याची खोली सोडली, पायात तो मोठा बूट आणि दोन कुबड्या, महाराष्ट्र एक्सप्रेसने बडनेऱ्याला उतरले आणि काकाच्या गाडीतून घरी. आईने बघितलं, काही बोलली नाही, आंघोळीला पाणी काढलं. आजी मात्र म्हणाली, "काय झालं वं माय, हड्डकाडी झाली पोट्टी."

पहिले सहा आठवडे काहीच करायचं नव्हतं आणि तेच सगळ्यात जड गेलं. पाय टेकायचा नाही. जी बाई रोज सहा तास हलते तिला बाजेवर बसवलं की डोक्यात काय काय चालतं ते सांगता येत नाही, मी फोनवर माझ्या जागी घेतलेल्या मुलीचे व्हिडिओ बघत बसायचे. बाबा कमी बोलतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होती, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणून झालं, आणि हात पुसत पुसत बाबा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "खांद्याले सूज असली तं आपण जू ठेवतो का त्याच्यावर? मंग तू कायले येवढा जीव जाळतं, बसू दे न त्या पायाले." त्या दिवसापासून मी व्हिडिओ बघणं बंद केलं.

खाण्याचं मात्र रोज भांडण होतं, आईशी नाही, माझं माझ्याशी. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर लिहून दिलं होतं, तीन जेवणं आणि मध्ये तीनदा काहीतरी, व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायचंच. भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही, शेंगदाण्याचे लाडू, जवसाची चटणी, यातलं काहीच महाग नाही आणि सगळं घरात होतं. पण वर्षभर ज्या ताटाची भीती बाळगली ते ताट पुढे आलं की घास घशात फिरायचा. आई समोर बसायची, आग्रह करायची नाही, स्वतःचं जेवण हळूहळू करायची म्हणजे मी एकटी मागे राहू नये. पहिल्या महिन्यात दोन किलो वाढले तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन रडले. डिसेंबरपर्यंत साडेपाच वाढले होते.

बूट निघाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. डावी पोटरी उजवीच्या पाऊणपट उरली होती, हाताने मोजली. फिजिओ आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर, रेंजसाठी गच्चीवर जावं लागायचं. सुरुवातीचे व्यायाम बघितले तर कोणाला वाटेल काय पोरखेळ, बोटं न वाकवता तळव्याची कमान उचलायची, टॉवेल बोटांनी ओढायचा, गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. गोट्या नव्हत्या, आजीने चिंचोके दिले. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत अकरा चिंचोके उचलले आणि पायाला असा गोळा आला की ओरडले. पण पायाच्या आतले हे छोटे स्नायू कमान धरून ठेवतात, ते धरत नसले की सगळा भार हाडावर जातो, म्हणून हे टाळू नका कितीही कंटाळा आला तरी.

मग टाचा उचलणं, ज्याला आम्ही रलवे म्हणतो. आधी दोन पायांवर खांबाला धरून, मग एका पायावर. फिजिओने आकडा दिला होता, एका पायावर सलग पंचवीस, पूर्ण उंचीपर्यंत, टाच सरळ, दोन्ही पाय सारखे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी कळ नको. तोपर्यंत जमिनीवर एकही उडी नाही. उजवा पंचवीस सहज करायचा, डावा चारवर थरथरायचा. आजीने आयुष्यभर पायलीने दाणे मोजलेत, त्यामुळे ती मोजायची तिच्याच पद्धतीने, लाभ, दोन, तीन, चार, आणि माझी टाच अर्धीच उचलली गेली तर तो आकडा पुढे न्यायचीच नाही, परत तोच म्हणायची. फिजिओपेक्षा कडक. चारचे पंचवीस व्हायला सात आठवडे लागले, मध्ये एकदा मी उत्साहात दोन दिवस जास्त केलं आणि कळ परत आली, आठवडाभर सगळं थांबवलं. तेव्हा फार घाबरले होते.

यादरम्यान सीतादही, म्हणजे वेचा सुरू करायच्या आधीची वावरातली पूजा, झाली, कापसाचा वेचा सुरू झाला, सगळे वावरात आणि मी पण जायचे मागे मागे. वावरात सिमेंटचं टाकं आहे, पाणी छातीपर्यंत येतं. छातीपर्यंतच्या पाण्यात पायावर शरीराचं वजन साधारण एक तृतीयांशच येतं, म्हणून पहिल्या उड्या तिथे मारल्या, वेचणाऱ्या बाया काम थांबवून बघायच्या. एकीने विचारलं, हे तुमच्या नाचात असते का? मी म्हटलं नाही, हे नाच परत यावा म्हणून.

आता जमिनीवर उड्या कुठे मारायच्या हा प्रश्न होता, कारण अंगण काँक्रीटचं आणि ओटा दगडाचा. मी बाबांना फक्त सांगितलं होतं की फ्लोअर खालून थोडा दबला पाहिजे. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. मग दारव्ह्याहून गाईंच्या गोठ्यात टाकतात त्या जाड रबरी मॅट आणल्या, त्यावर प्लायवूडचे आठ बाय चारचे तुकडे, पहिला थर आडवा, दुसरा उभा, सांधे एकावर एक येणार नाहीत असे, वरून विनाइलचा रोल. आमच्या आतल्या खोलीत. त्या खोलीत दरवर्षी छतापर्यंत कापूस भरलेला असतो, भाव वाढेल म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवतात आणि घरभर सगळ्यांना खाज सुटते. त्या वर्षी खोली रिकामी होती. मला वाटलं पीक कमी आलंय. खूप नंतर आईने सांगितलं की बाबांनी नोव्हेंबरमध्येच विकून टाकला होता, मिळेल त्या भावात.

डिसेंबरच्या मध्यात त्या प्लायवर पहिल्या आठ उड्या मारल्या, दोन पायांवर, छोट्या, गुडघ्यात नीट वाकून. मॅट दबली. आवाज मऊ आला, धप्प असा, टाइल्सवर जसा फटकन् येतो तसा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सगळ्यात आधी बोट ठेवून दाबून बघितलं, कळ नव्हती. मग एक दिवस उड्या, एक दिवस नाही, असं करत करत सोळा, बत्तीस, मग एका पायावर, मग दिशा बदलून. पाळी पण डिसेंबरच्या शेवटी आली, नऊ महिन्यांनी. चुलीजवळ आईला सांगितलं तर तिने हातातला उलथनाच खाली ठेवला.

फेब्रुवारीत ऑडिशन दिली, दुसऱ्या शहरात, दुसरी कंपनी. क्लास, मग शिकवलेला तुकडा, मग इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, असा पूर्ण दिवस. माझं वजन तिथल्या बहुतेक मुलींपेक्षा जास्त होतं आणि उडी आधीपेक्षा उंच जात होती, हे मी स्वतः आरशात बघितलं. निवड झाल्यावर सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या, फ्लोअर खाली कसा आहे, रिहर्सलमध्ये लागलं तर किती दिवस पैसे देणार, फिजिओ आहे का. पहिल्या दोनचं उत्तर चांगलं मिळालं, लेखी घेतलं. फिजिओ नाही त्यांच्याकडे, तो मी माझा बघते. डेक्सा परत केला, आकडा थोडा सुधारलाय, पूर्ण नाही, डॉक्टरबाई म्हणतात वेळ लागेल.

पुढच्या महिन्यात माझा शो आहे, बाहेरच्या थिएटरमध्ये, आई-बाबा पहिल्यांदाच येणार आहेत बघायला, तिकिटं काढून झालीत. काल बाबांचा फोन होता. गाडी किती वाजता पोचते, राहायचं कुठे, हे सगळं आईने विचारलं. बाबांनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "तठीसा खाली लाकूड हाय न?"

मी म्हटलं, हो बाबा, जाऊन वाकून बघून आली मी.