खोगीरभरती

तान्हा पोळा, रात्री साडेदहा

आज ऑफिसात माझ्या अहवालावर साहेब म्हणाले, "यातली खोगीरभरती काढा, दोन पानांत बसवा." पानं जास्त झाली होती, ते बरोबरच बोलले. पण तो शब्द दिवसभर टोचत राहिला. माझे पणजोबा जीनगर होते. जन्मभर त्यांनी खोगिरंच शिवली आणि भरली.

घरी येऊन बाबांजवळ विषय काढला. ते आता ८३ वर्षांचे आहेत. लहानपणी नागपुरात महाल भागातल्या घराच्या ओसरीवर ते पणजोबांच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देत. पणजोबा लाकडी चिमटा गुडघ्यांत आवळून त्यात कातडं धरायचे. आरीनं भोक पाडायचं, मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांच्या दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून राहतो. मशीनची शिवण अशी तग धरत नाही, एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात.

पण बाबा सगळ्यात जास्त बोलले ते भरतीवरच. खोगिराच्या पोटाशी दोन गाद्या असतात आणि मधून मोकळी पन्हळ. घोड्याचा कणा त्या पन्हळीत सुटा राहिला पाहिजे आणि स्वाराचं वजन दोन्ही बाजूंच्या मांसल पाठीवर पडलं पाहिजे. लोकर हातानं पिंजायची, बारीक फटीतून लोखंडी सळईनं थोडी थोडी आत सारायची, वरून ठोकून सारखी करायची. आत सुपारीएवढी गाठ राहिली तरी चार कोसांत पाठ सोलवटते. कमी भरलं तर खोगीर मानेच्या मुळाशी टेकतं, जास्त भरलं तर डुगडुगतं. शिवाय घाम पिऊन लोकर दडस होत जाते, म्हणून ती काढून पुन्हा भरावी लागते. "आजा म्हणे, घोड्याले बोलता येत नाही, त्याच्या पाठीचं आपल्यालेच समजून घ्या लागते," बाबा म्हणाले. आणि आपल्या भाषेत याच भरतीचा अर्थ निकामी माल! रद्दी चिंध्या कोंबून खोगीर फुगवणाऱ्यांनी तो शब्द बदनाम केला असावा, असं मला वाटतं. नीट भरणाऱ्यावर मात्र तो अन्याय आहे.

पणजोबांचा जन्म १८८८ च्या सुमाराचा. नागपूरजवळची कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे घोड्यांना तोटा नव्हता. फौजेच्या जीनसामानासाठी कानपूरला सरकारी कारखाना होता. इथल्या कारागिराच्या वाट्याला दुरुस्ती, साहेबलोकांचे खाजगी घोडे आणि टांग्यांचा साज एवढंच यायचं. १९१४ च्या महायुद्धात हाताला उसंत नव्हती, असं घरात सांगतात. मग मोटारी आल्या. १९३८ पासून हिंदुस्थानी रिसाल्यांचेही घोडे जाऊन गाड्या यायला लागल्या. पणजोबा तोवर पन्नाशीला आले होते.

त्यांना सावरलं ते टांग्यांनी आणि एम्प्रेस मिलनं. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या कापडगिरणीत यंत्रं फिरवायला कातडी पट्टे लागत. पट्टा तुटला की जोड असा हवा की चाकावरून जाताना उडी बसू नये. घोड्याचा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, शिवलेल्या हाताला ते जमलं. पोळ्याच्या आधी बैलांसाठी घुंगरांचे पट्टेही ते करून देत. बाबांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलालाही त्यांनी बोटभर रुंदीचा तसाच पट्टा शिवला होता. तो आज नातीच्या बैलाच्या गळ्यात होता. कातडं काळं पडलंय, टाके सगळे जागेवर आहेत.

त्यांची कातडं कापायची रापी आमच्याकडे आहे. मूठ हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली, पातं घासून घासून अर्धं उरलेलं. खोगीर एकही नाही. फोटोही नाही.

मघाशी बाबांचं अंथरूण घालताना पाहिलं. उशी त्यांनी मांडीवर घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेनं दाबत गेले. एका कोपऱ्यात थांबले, कापसाची गाठ सापडली होती. ती चोळून फोडली, उशी थोपटून सारखी केली, मगच डोकं टेकवलं. रोज करतात. मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.