गोड लागलं का?

एक्स-रे अगदी व्यवस्थित होता. हृदय डावीकडे, जिथं असायला हवं तिथं. अडचण एवढीच, की पाच मिनिटांपूर्वी त्याच माणसाच्या छातीवर स्टेथो ठेवला तेव्हा मला ठोके उजवीकडे ऐकू आले होते.

माणूस तिशीचा, दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स एकदा नाही, दोनदा झालेला. खोकला तसाच. रोज सकाळी अर्धी वाटी हिरवट बेडका, आणि आता त्यात रक्ताच्या रेषा. फाइलमध्ये बेडक्याचे पाच रिपोर्ट होते, पाचही निगेटिव्ह. गोळ्या सुरू केल्या त्या ‘फिल्मवर डाग आहे’ एवढ्यावरच. आमच्याकडे खोकला, रक्त आणि डाग म्हटलं की टीबी. बहुतेकदा ते खरंही निघतं, म्हणून मी त्या डॉक्टरांना फार नावं ठेवणार नाही.

जुन्या टीबीत उजवं फुप्फुस आक्रसलं, की हृदय तिकडं ओढलं जातं. मी तेच धरून चालले होते. मग एक्स-रेत ते डावीकडे कसं? उठून एक्स-रे रूममध्ये गेले.

“मॅडम, नव्या पोरानं डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर उलटा लावला होता,” एक्स-रेवाले मामा म्हणाले. “मीच कॉम्प्युटरवर फिल्म फिरवून दिली.”

मूळ फिल्म लावायला सांगितली. हृदय उजवीकडे, आणि जठरातल्या हवेचा फुगाही उजवीकडेच. फुप्फुसानं हृदय ओढलं असतं, तर जठर कशाला जागचं हललं असतं? आतलं सगळंच आरशात बघावं तसं उलटं होतं. पोरानं मार्कर बरोबर लावला होता.

परत येऊन विचारलं, “सर्दी कधीपासून आहे?” उत्तर आईनं दिलं. “ह्याचं नाक कोरडं मी कधी बघितलंच न्हाई, बाई.” लहानपणी कान फुटायचे, पुढं सायनसचं ऑपरेशनही झालं. नात्यातलं लग्न का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “आत्याच्याच घरात दिली होती मला.”

श्वासनलिकांच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारख्या सिलिया असतात. सेकंदाला दहा-बारा वेळा हलून त्या चिकट स्राव घशाकडं ढकलत राहतात. जन्मतःच त्या नीट हलत नसल्या तर बेडका साचतो, जंतू पोसले जातात आणि नलिका कायमच्या फुगून सैल होतात. हाच ब्राँकिएक्टेसिस. नाकातही तेच. गर्भात कोणतं इंद्रिय कुठल्या बाजूला जाणार, हेही अशाच सिलियांच्या हालचालीवर ठरतं. ती नसली की नुसता छापा-काटा, म्हणून अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या पोटात-छातीत उलटापालट सापडते. सायनस, फुगलेल्या नलिका आणि उलटी इंद्रियं या त्रिकुटाला झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांचं नाव आहे. त्यांनी ते 1933 साली मांडलं. कारण मात्र 1976 साली स्वीडनच्या ब्योर्न आफ्झेलिअस यांनी दाखवलं, आणि तेही छातीच्या वाटेनं नाही. ते मूल न होणाऱ्या पुरुषांचे शुक्रजंतू तपासत होते. शुक्रजंतूची शेपटी आणि सिलिया, दोन्हींची आतली घडण एकच.

हे आठवलं आणि मी बाहेरच्या बाकाकडं पाहिलं. त्याची बायको मांडीवर वेगळीच फाइल घेऊन बसली होती.

जनुकीय तपासणी खर्चाची, आणि ती पुण्या-मुंबईला. माझ्याकडे होती सॅकरिनची गोळी. जुनी, साधी तपासणी. नाक साफ करून घेतलं, ब्लेडनं गोळीचा कण काढला, मोहरीहून लहान, आणि चिमट्यानं नाकात आत ठेवला. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, घड्याळाकडं बघत बसायचं. सिलिया चालू असतील तर बहुधा वीसेक मिनिटांत घशात गोड लागतं.

तेवढ्यात बायकोची फाइल चाळली. लग्नाला सात वर्षं. नळ्यांची तपासणी दोनदा, दुर्बीण एकदा, क्युरेटिंग एकदा. नवऱ्याचा एकही कागद नाही. सासू म्हणाली, “सगळं केलं, पण कूस काही उजवेना.”

“गोड लागलं का?” अर्ध्या तासानं विचारलं. नाही. तासानंही नाही. शेवटी दुसरा कण जिभेवर ठेवला. “हा गोड आहे की, मॅडम!” म्हणजे जीभ शाबूत होती.

सीटीत नलिका मधल्या आणि खालच्या भागांत फुगलेल्या दिसल्या. टीबी जास्त करून वरच्या भागात घर करतो. दोन दिवसांनी वीर्याचा रिपोर्ट आला: संख्या चांगली, बहुतेक शुक्रजंतू जिवंत, हालचाल शून्य.

आधी त्याला एकट्याला सांगितलं. तो बराच वेळ हातातली टेम्पोची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, “आईसमोर तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई.”

तिघांना बसवून सांगितलं. टीबीच्या गोळ्या आता नकोत. खारट पाण्याची वाफ, रोज उताणं-पालथं झोपून बेडका काढणं, फ्लू आणि न्यूमोनियाची लस. मूल हवं असेल तर एकेक जिवंत शुक्रजंतू सुईनं स्त्रीबीजात सोडता येतो. त्याला पैसे लागतात, पण वाट आहे. खिशात ठेवायला एक कार्डही लिहून दिलं: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्स डावीकडे. उद्या पोटात दुखलं तर डॉक्टरनं चुकीच्या बाजूला शोधत बसू नये.

सासू काही बोलली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सून जाताना दारातून मागं वळली. वीर्याचा रिपोर्ट तिच्या हातात होता.

“मॅडम, ह्याची झेरॉक्स कुठं मिळंल? तीन-चार काढायच्यात.”