तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा गुलमोहर

आमच्या बाहेरच्या खोलीत एका चित्राची छापील प्रत लावली आहे. पाण्यावर झुकलेला, फुलून आलेला गुलमोहर. येणारे पाहुणे हमखास विचारतात, "हे कोकणातलं कुठलं हो?" दारात चपला घालता घालता एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून आज लिहितेच.

हे कोकण नाही. हा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा पूर्व किनारा, फोर्ट पिअर्स गावाकडचा. गुलमोहर तिथलाही नाही आणि आपलाही नाही, मूळचा मादागास्करचा. तिथली अशी निसर्गचित्रं काढणारी मंडळी, ज्यांना पुढे 'हायवेमेन' म्हणू लागले, काळी होती. १९५० चं दशक, वर्णभेदाचा काळ. त्यांच्यासाठी काम म्हणजे संत्र्यांची तोडणी नाहीतर पॅकिंग. गॅलऱ्या त्यांना दारात उभं करत नव्हत्या.

आल्फ्रेड हेअर या पोराचा हात झनोबिया जेफरसन या त्याच्या चित्रकलेच्या बाईंनी ओळखला आणि त्याला गावातले गोरे निसर्गचित्रकार बीन बॅकस यांच्याकडे धाडलं. हॅरल्ड न्यूटन आधी धार्मिक चित्रं काढायचा, तोही बॅकस यांच्या सांगण्यावरून निसर्गाकडे वळला. बाकीचे बहुतेक एकमेकांचं बघून शिकले.

बॅकस यांच्या एका चित्राला मिळते ती किंमत आपल्याला मिळणार नाही, हे हेअरला कळत होतं. मग त्यानं एकाच वेळी अनेक चित्रं रंगवायला घेतली. कॅनव्हास महाग, म्हणून घरबांधणीतला अपसन बोर्ड, म्हणजे दाबलेल्या लगद्याचा जाड पुठ्ठा. चौकटीला छताच्या कडेच्या लाकडी पट्ट्या. मोटारीच्या डिकीत माल भरायचा आणि यू. एस. १ या हमरस्त्यानं दुकानं, दवाखाने, मोटेल, बँका करत निघायचं. एक चित्र साधारण २५ डॉलरला. "घाईत काढलेली" म्हणून या चित्रांना नाक मुरडणाऱ्यांशी मी भांडते. त्या घाईतच हात असा तयार झाला की वादळाआधीचं पिवळट आभाळ चार फटकाऱ्यांत उभं राहायचं.

हेअर १९७० साली, अवघ्या २९ व्या वर्षी, एका बारमध्ये गोळी लागून गेला. 'हायवेमेन' हे नाव या मंडळींना मिळालं ते थेट १९९० च्या दशकात. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ वाटमारे, म्हणून मला ते टोचतं. २००४ साली फ्लोरिडानं राज्याच्या कलावंतांच्या मानाच्या यादीत त्यांची २६ नावं घेतली. त्यांत बाई एकच, मेरी अ‍ॅन कॅरल. सात मुलं वाढवत ती चित्रं काढायची आणि त्या काळात एकटी गाडी हाकत विकायलाही जायची. गुलमोहर रंगवावा तो तिनं!

आम्ही फ्लोरिडात असताना शेजारच्या आजींकडे यांतलं एक अस्सल चित्र होतं, त्यांच्या वडिलांनी दारावर घेतलेलं. एकदा त्यांनी ते भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिलं. पाठीमागे तपकिरी बोर्ड, चौकटीच्या कोपऱ्यांत गंजलेले खिळे. आणि पुढे, आभाळाच्या कडेला, अंगठ्याचा ठसा. तैलरंग वाळायला दिवस लागतात, चित्रं ओलीच विकली जायची. "माझ्या वडिलांचा असेल, नाहीतर काढणाऱ्याचा," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी आपला अंगठा त्या ठशावर अलगद टेकवून पाहिला.