तुम्ही विचारलंत म्हणून: फिश ऑइलने माझी संधिवाताची सूज गेली का?

"फिश ऑइलने फरक पडला ना गं तुला?" लग्नात, हळदीकुंकवाला, एसटी स्टँडवर, कोणी ना कोणी विचारतंच, आणि लगेच मोबाइलवर डबीचा फोटो पुढे करतात, हीच ना तुझी? उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलं की त्याचं काय होतं ते मी बघितलंय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

पडला फरक. पण तुम्ही समजताय तसा नाही. आणि तुमचा हा समज मीच करून दिलाय, 2018 ला नणंदेच्या मुलीच्या केळवणात मीच सगळ्यांना बोटं दाखवत होते की बघा, ती कडक औषधं सोडली आणि माशाच्या तेलावर सूज उतरली. त्यातल्या कोणी माझं ऐकून स्वतःची औषधं सोडली असतील का, हा विचार अजून छळतो.

तेव्हा मी जे वाचलं होतं ते खोटं नव्हतं हो. आपल्या पेशींच्या आवरणात ॲराकिडॉनिक ॲसिड म्हणून ओमेगा-6 जातीचं एक फॅटी ॲसिड असतं, त्याच्यापासून शरीर सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनं बनवतं. माशाच्या तेलातलं ईपीए नावाचं ओमेगा-3 हळूहळू त्याच आवरणात जाऊन बसतं, तीच एन्झाइम्स वापरतं, आणि त्यातून जे बनतं ते बरंच सौम्य असतं. शिवाय ईपीए आणि त्याच तेलातलं दुसरं ओमेगा-3, डीएचए, यांच्यापासून रिझॉल्विन्स बनतात, सूज आवरती घेणारी, अमेरिकेत चार्ल्स सेरहान यांनी ती शोधली. म्हणजे विज्ञान आहे, भोंदूपणा नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पण आवरण बदलायला दोन-तीन महिने जातात, आणि डोस किती हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची ती कडक गोळी, मी फेब्रुवारीत सोडली. शनिवारी गोळी, रविवार अख्खा मळमळीत, कंगव्यात केसांचा पुंजका, कंटाळले होते. डॉक्टरांना सांगितलं नाही. रोज दोन कॅप्सूल सुरू केल्या आणि पहिले दोन महिने इतकं छान वाटलं की काय सांगू. आता कळतं, मळमळ गेली म्हणून छान वाटत होतं आणि जुन्या औषधाचा असर एका दिवसात उतरत नाही. केळवण त्याच दोन महिन्यांतलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी सहावीत, केस कमरेपर्यंत, रोज सकाळी दोन वेण्या मीच घालायचे. त्या दिवशी तीन पेड केले आणि पहिलाच पेड चिमटीतून सुटला. परत धरला, परत सुटला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकतच नव्हतं, बोटांची मुळं सुजून अशी गरम झालेली की तेल लावलेल्या केसांचा गारवा त्यांना जाणवत होता. बाहेर पाऊस, रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत, आणि मी तिच्यामागे बसून दात दाबून तोच पेड धरतेय. ती आरशात माझ्याकडे बघत होती. मग तिने वळून माझ्या हातातून केस सोडवून घेतले, अगदी हळू, म्हणजे मला दुखू नये असे, आणि म्हणाली, "राहू दे आई, मी पोनी बांधते." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळ पण तळहाताने ढकलून सोडला, बोटांनी फिरत नव्हता.

सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, 52 आला, आधी 4 होता. आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत. डबी मागितली, मागची बाजू फिरवली आणि नख ठेवलं, ईपीए 180, डीएचए 120. वर मोठ्या अक्षरात 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं ते नुसतं तेल, त्यात कामाचं 300. माझ्या दोन कॅप्सूलचे 600. संधिवाताच्या अभ्यासात जिथे सकाळचा आखडलेपणा आणि वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या तिथे रोजचे साधारण तीन ग्रॅम किंवा जास्तच, म्हणजे अशा दहा कॅप्सूल. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला सुरुवातीच्या संधिवातात रोज 5.5 ग्रॅम देऊन बघितलं, फायदा झाला, पण तिथे तेल औषधांच्या जोडीला होतं, औषधांच्या जागी नव्हे. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला.

उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तेव्हापासून सरळ होत नाही.

मग अजून तेल का घेतेस, हा पुढचा प्रश्न असतोच आणि तो असा विचारतात की जणू मी चोरी करतेय. घेते कारण डॉक्टरांनी जास्त ईपीएवालं, मोजून दिलंय, मेथोट्रेक्सेटबरोबर. सकाळी दीड तास आखडायचं ते वीस मिनिटांवर आलंय, पेनकिलर महिन्यात दोन-तीन. आता यातलं किती तेलाचं आणि किती मेथोट्रेक्सेटचं? कधी वाटतं सगळं औषधाचंच, पण मग एकदा तेल संपलं, तीन महिने आणलं नाही तर सकाळ परत लांबली. त्यात पावसाळाही होता. मनातल्या मनात हा वाद चालूच आहे.

आणि मोठा डोस म्हणजे निरुपद्रवी असंही नाही, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारायलाच हवं. "आपण तर मासे खातो" म्हणणाऱ्यांना, तारली आणि बांगडा खरंच चांगले, पण पापलेट-कोलंबीत त्या मानाने कमीच, आणि तळण्यापेक्षा तिखलं करा. शाकाहारी मैत्रिणींनो, जवस खा, मीही चटणी खाते, पण त्यातल्या ओमेगा-3 चं शरीर ईपीए फारच थोडं बनवतं. शेवाळाचं तेल मिळतं, ते बघा.

परवा धाकट्या जाऊबाईंचा फोन, "ताई, माझीही बोटं सकाळी सुजतात, तुमच्या त्या कॅप्सूलचं नाव पाठवा." मी नाव पाठवलं नाही. शनिवारी तिला घेऊन कोल्हापूरला चाललेय.