क्लच सोडायचा न्हाई, सोडत न्यायचा

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्ट्यावर पाव मैल गाडी पळवायची शर्यत. तिथल्या पहिल्या रनची, वेळ छापलेली चिठ्ठी हातात आली आणि मला माझंच हसू आलं. पाव मैलाला १५.१ सेकंद. शेजारच्या लेनमधली डिझेल हॅचबॅक जवळजवळ माझ्या बरोबरीनेच पोचली होती. माझी गाडी २००२ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दोन लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद. चूक गाडीची नव्हती. मी घाबरून जेमतेम अडीच हजार आरपीएमवर क्लच सोडला. चारही टायरांनी रस्ता घट्ट धरला, इंजिनचे आरपीएम धाडकन खाली आले, टर्बोची हवाच गेली आणि गाडी गुदमरली. पहिल्या ६० फुटांनाच २.४ सेकंद लागले.

ही जागा म्हणजे इंग्लंडच्या बेडफर्डशरमधलं सांता पॉड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर जिथून उडायचे, त्या पॉडिंग्टनच्या विमानतळावर १९६६ पासून ड्रॅग रेसिंग चालतं. 'पॉड' गावावरून आलं आणि 'सांता' थेट कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथल्या ड्रॅग स्ट्रिपवरून. 'रन व्हॉट यू ब्रंग'च्या, म्हणजे 'जी आणली ती पळवा'च्या दिवशी घरची गाडी घेऊन कुणीही जावं. लायसन्स, हेल्मेट आणि पैसे असले की झालं. मी मिल्टन कीन्सहून आलो होतो आणि सोमवारी याच गाडीने ऑफिसला जायचं होतं. माझी भीती तीच होती.

सोबत अण्णा होते. मूळचे कोल्हापूरचे, आता बेडफर्डला गिअरबॉक्स खोलण्याचं काम करतात. घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन ते कुंपणाशी बसले होते. आदल्या रात्री फोनवर त्यांनी मला सगळं समजावलं होतं, पण लाल-पिवळे दिवे समोर आले की डोक्यातलं सगळं उडतं.

त्यांचं म्हणणं असं. दोनच चाकांना ताकद असलेल्या गाडीत क्लच धाडकन सोडला तर टायर फिरतात, धूर निघतो, झटका तिथेच जिरतो. आपल्या गाडीत चारही टायर धरून बसतात, कोरड्या डांबरावर फिरतच नाहीत. मग झटका जायचा कुठे? क्लच, गिअरचे दात, चाकांमध्ये ताकद वाटणारं डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल, यातलं जे कच्चं असेल तिथे. आणि हा झटका नुसता इंजिनच्या ताकदीचा नसतो. पाच हजारांवर गरगरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड चाकात, साठलेलं सगळं एका क्षणात गिअरवर आदळतं. म्हणून काहीतरी घसरलंच पाहिजे, आणि काय घसरू द्यायचं ते आपण ठरवायचं. क्लचप्लेट बदलता येते. गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे महिन्याचा पगार.

दुसऱ्या रनला मी दुसरं टोक गाठलं. पहिल्या रनची लाज होती ना! पाच हजार आरपीएम, हिरवा दिवा, पाय उचलला. खालून 'खण्ण' असा आवाज आला, पितळी परात फरशीवर पडल्यासारखा. ६० फूट १.९२, एकूण १४.४. आकडा झकास, पण परतीच्या रस्त्यावर माझे तळवे घामाने ओले होते. काच खाली करून पहिला-दुसरा गिअर टाकत कानोसा घेत आलो. सुदैवाने काही वाजत नव्हतं.

अण्णा खुर्चीतून उठलेही नाहीत. "ऐकलं म्या. मर्दा, क्लच सोडायचा न्हाई, सोडत न्यायचा. बंद पडलेली जीप दोरीनं वढताना काय करतोस?"

"आधी दोरी ताणून घेतो."

"मग हितं का झटका देतोस?"

पुढची चाळीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवून गाडी उभी केली. क्लचचा वास येत होता, खंबाटकी घाटात लोड घेऊन चढणाऱ्या ट्रकच्या मागे येतो तसा. तापलेल्या क्लचची पकड कुठे येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे लगोलग रन मारण्यात अर्थच नव्हता. लाइनीतही इंजिन बंद ठेवलं आणि गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलत पुढे नेली. अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकत राहिलं तर रनच्या आधीच प्लेट तापते. टायर तापवायला जिथे पाणी टाकलेलं असतं, त्या जागेला वळसा घातला. ती सोय दोनच चाकं फिरवणाऱ्यांची. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत हे सकाळीच पाहिलं होतं, हवाही सारखी भरली होती. एक टायर लहान-मोठा असला तर मधल्या डिफरन्शियलमधलं व्हिस्कस युनिट (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक घट्ट द्रवाने आवरणारा भाग) सारखं राबत बसतं आणि तापतं.

तिसरा रन. स्टिअरिंग अगदी सरळ. क्लच हळूच पकडीपर्यंत आणला, गाडी जराशी आळस दिल्यासारखी हलली, म्हणजे सगळा 'प्ले', गिअरांमधली ढिलाई, निघाला. आरपीएम साडेचार हजारांवर धरले. हिरवा दिवा लागला तरी घाई केली नाही, कारण घड्याळ दिव्याबरोबर सुरू होत नाही, चाकं सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडली की सुरू होतं. हे कळलं तेव्हा माझं निम्मं दडपण उतरलं. मग डावा पाय वर येत राहिला. साधारण एक सेकंद, थांबत थांबत, आणि तेवढ्यात उजवा पाय खाली. आरपीएम साडेतीन हजारांच्या खाली गेले नाहीत, टर्बो जागाच राहिला. मागचा भाग बसला आणि गाडी रबर ताणून सोडल्यासारखी निघाली. खालून आवाज शून्य. दुसरा गिअर टाकताना क्लच पूर्ण दाबला, दांडा ओढला नाही, नुसता नेला.

६० फूट १.९८. म्हणजे धाडकन सोडलेल्यापेक्षा फक्त सहा शतांश जास्त! चौथ्या रनला १.९४ आणि एकूण पुन्हा १४.४. पाचवा मारायची फार इच्छा होती, पण पेडलची पकड बोटभर वर सरकलेली जाणवली आणि मी हेल्मेट काढलं.

पुढच्या शनिवारी अण्णांनी गाडी रॅम्पवर घेतली. गिअरबॉक्सच्या तेलाच्या बोल्टला त्यांनीच पूर्वी चुंबक बसवलं होतं. बोल्ट काढला, चुंबकावर काजळासारखी काळी पेस्ट होती. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनीत चोळली, दिव्याखाली धरली, पुन्हा चोळली. दात तुटला असता तर त्यात लोखंडाचा खडा लागला असता. मी श्वास रोखून उभा.

"खडा न्हाई," ते म्हणाले, बोटं चिंधीला पुसली आणि नव्या तेलाचा डबा माझ्याकडे सरकवला. "तू वत. मी चहा टाकतो."