पहिली क्रूझ, दोन मुलं आणि वरच्या डेकवरच्या खुर्च्या

जहाजावर चढलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. लख्ख ऊन, समोर पोहण्याचा तलाव, घसरगुंडीवरून किंचाळत खाली येणारी पोरं, आणि आमचे पोहण्याचे कपडे? ते बंदरावर जमा केलेल्या मोठ्या बॅगेत. ती बॅग केबिनच्या दाराशी आली संध्याकाळी साडेसहाला. तोवर नऊ वर्षांच्या थोरलीने माझ्याशी अबोला धरला होता आणि अडीच वर्षांचा धाकटा चड्डीवरच तलावाच्या दिशेने दोनदा पळून आला होता.

तर पहिली गोष्ट हीच. चेक-इनला दिलेलं सामान हातात यायला चार-पाच तास सहज जातात, आणि केबिनही बहुधा दीड-दोनच्या आधी उघडत नाही. पोहण्याचे कपडे, औषधं, डायपर, एकेक जादा कपड्यांचा जोड, चार्जर आणि सगळी कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा. कागदपत्रं तर मोठ्या बॅगेत चुकूनही नकोत, कारण ती दाखवल्याशिवाय जहाजावर पाऊलच ठेवता येत नाही.

आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, दोन मुलं आणि माझी आई. सात रात्री, चार बंदरं, दोन दिवस नुसता समुद्र. बंदरांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण आमची पहिली चूक तीच होती. आम्ही नकाशा बघून क्रूझ निवडली. अडीच वर्षांच्या मुलाला कुठल्याही बंदरात कबुतरं आणि पायऱ्या एवढंच दिसतं. थोरलीला आज विचारलं तर तिला चारपैकी दोन बंदरं आठवतात, पण कुठल्या डेकवर आइस्क्रीमचं मशीन होतं ते झोपेतही सांगेल. मुलांबरोबर पहिल्यांदा जात असाल तर आधी जहाज निवडा, मार्ग नंतर बघा.

जहाज निवडायचं म्हणजे काय बघायचं? त्यावरचे मुलांसाठीचे नियम. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. (सोबत कोणी गरोदर असेल तर तेही आधी विचारा. चोविसावा आठवडा लागला की बहुतेक ठिकाणी नकार मिळतो.) मुलांचा क्लब, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली खेळायची जागा, बऱ्याच जहाजांवर तीन वर्षांपासून, आणि तोही मूल शी-शू सांगत असेल तरच. त्याहून लहानांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण जागा मोजक्या आणि तासाचे पैसे वेगळे. आमचा धाकटा सहा महिन्यांनी कमी पडला. आम्ही हे वाचलं होतं, पण 'बघू, तिथे गेल्यावर विनंती करू' असं म्हणून पुढे गेलो. विनंती गोड हसून नाकारली गेली.

त्याहून मोठा धक्का तलावाचा. डायपर वापरणाऱ्या मुलाला, अगदी पोहण्याचा डायपर घातला तरी, अनेक जहाजांवर तलावात उतरू देत नाहीत. पाणी तेच तेच फिरवून शुद्ध केलेलं असतं आणि एका मुलाचा 'अपघात' झाला तर सगळा तलाव रिकामा करावा लागतो, त्यामुळे नियम रास्त आहे. पण हे तलावाच्या काठावर, ओल्या पोराला काखेत धरून ऐकायला बरं वाटत नाही. काही नव्या जहाजांवर डायपरवाल्यांसाठी वेगळी कारंजी असतात. तुमचं मूल या वयाचं असेल तर बुकिंगच्या आधी एवढा एक प्रश्न विचाराच. तलावावर जीवरक्षक असतो का, हेही विचारा. सगळीकडे नसतो.

आता केबिन. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या सात रात्रींतल्या पहिल्या दोन केबिननेच खाल्ल्या.

आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की जितकं वर तितकं छान. आम्ही घेतलेली केबिन तलावाच्या डेकच्या बरोब्बर खाली निघाली. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात. खर्रर्र, थांबा, खर्रर्र. कोणीतरी शेकडो खुर्च्या ओळीत लावत होतं, आणि धाकटा पाळण्यात उभा राहून छताकडे बोट दाखवत 'वाघ' म्हणत होता. केबिन निवडताना डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या खोलीच्या वर काय, खाली काय ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप मिळते. तलाव, स्वयंपाकघर, नाट्यगृह, नाचाचा हॉल यांच्या लगत नको. 'खोली आम्ही ठरवू, तुम्हाला स्वस्तात पडेल' असा पर्याय असतो, तो मुलं बरोबर असताना घेऊ नका.

दुसरं म्हणजे हलणं. जहाज सी-सॉसारखं टोकांना जास्त आणि मधोमध कमी हलतं. म्हणून खालचा डेक आणि जहाजाचा मध्य, ही बोट लागणाऱ्यांसाठी सगळ्यात बरी जागा. जहाजाच्या पोटाला बाहेर काढता येणारे पंख असतात, ते डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं पुष्कळ कमी करतात. नाक वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

बाल्कनी हवी की नको, यावर आमच्या घरात दोन तट होते. बाल्कनी असली तर मुलं झोपल्यावर आईबापांना बसायला जागा मिळते, हा मोठा फायदा. पण पहिल्याच दिवशी तिथली खुर्ची आणि टेबल कठड्यापासून दूर सरकवा, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली असू द्या. आईने थोरलीला घेऊन आतली, बिनखिडकीची केबिन घेतली होती आणि शेवटी तीच सगळ्यात शहाणी ठरली. दुपारी बाराला दिवा मालवला की मिट्ट काळोख. धाकट्याची दुपारची झोप आम्ही तिकडेच हलवली. रात्री बाथरूमला उठताना चाचपडावं लागू नये म्हणून ती टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवायची. काळ्या समुद्राचा जेमतेम उजेड पडतो, तेवढा पुरतो.

एक बारीकशी गोष्ट: केबिनची दारं जड असतात आणि आपोआप मिटतात, आणि बाथरूमला चांगला टाचभर उंच उंबरा असतो. पहिल्या तासात धाकटा त्यावर अडखळून कपाळावर टेंगूळ घेऊन आला. बोटं चिरडायची भीती तर कायमच. मधलं दार असलेल्या जोडखोल्या मिळाल्या तर घ्या, आणि पाळणा बुकिंग करतानाच मागून ठेवा, कारण मोजकेच असतात. भिंती बहुतेक लोखंडी असतात, तेव्हा चुंबकाचे हुक न्या. ओले कपडे, टोप्या, ओळखपत्रांच्या माळा, सगळं भिंतीवर जातं आणि जमीन मोकळी राहते. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. डायपर आणि नेहमीचं दूध मोजून, वर दोन दिवसांचं जास्त घ्या. जहाजावरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली हवी, अनेक देशांना ती लागते. जहाज एखाद्या देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत तिथेच येणार असेल तर तो तुमचा दुसरा प्रवेश धरला जाऊ शकतो, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागेल का ते तपासा. आई किंवा वडील एकटेच मुलांना नेणार असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर ठेवा. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा छायाप्रती असू द्या. आणि विमा काढताना त्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, फुकट नसतो. कर्मचाऱ्यांची टिप रोज माणशी खात्यावर चढते, अनेकदा मुलांचीही. हिशेब करताना आम्ही ती विसरलो होतो.

निघण्याआधी मस्टर ड्रिल होते, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. पूर्वी ती प्रवास सुरू झाल्यावर चोवीस तासांत घेतली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या अनेकांची तालीम व्हायचीच होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी तालीम झालीच पाहिजे. आता बऱ्याच ठिकाणी फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत बघून आपल्या जमण्याच्या जागी हजेरी लावून यायचं असतं. मुलांना बरोबर न्याच. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटात जमण्याचा इशारा, तो थोरलीने पुढचे सात दिवस जेवणाच्या टेबलावर वाजवून दाखवलं. कपाटात मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते त्याच दिवशी बघा. आमच्याकडे चारही मोठ्यांचीच होती. केबिनच्या स्टुअर्डला सांगितल्यावर दहा मिनिटांत लहान आली.

तिसऱ्या दिवशी, नुसता समुद्र असताना, बोट लागली. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, सगळ्यात जास्त होतो तो दोन ते बारा वयाच्या मुलांना. म्हणजे आमची दोन्ही नेमकी त्यात. धाकटा आरामात पळत होता, थोरली मात्र बंकबेडवर पडून टॅब्लेटवर चित्रं काढता काढता पांढरीफटक पडली. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो हलतंय, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. म्हणून पडद्यात डोकं घालणं हे त्या वेळी सगळ्यात वाईट. तिला उचलून मधल्या डेकवर मोकळ्या हवेत नेलं, क्षितिजाकडे बघायला लावलं, कोरडं बिस्कीट थोडं थोडं चघळायला दिलं. अर्ध्या तासाने गालावर रंग आला. गोळी द्यायची तर कुठली आणि किती, हे निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी द्यावी लागते. काही औषधांनी मुलं पेंगतात, काही मुलं उलट उधळतात, म्हणून घरी एकदा देऊन बघितलेली बरी. मोठ्यांच्या कानामागे लावायचा पॅच मुलांना लावू नका.

पोटाचं आणखी एक: जहाजावर नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा असर होत नाही. बुफेला जाताना आणि येताना साबण, पाणी, वीस सेकंद.

बरं वाटल्यावर थोरली क्लबमध्ये गेली ती परत यायलाच तयार नव्हती. पहिल्या दिवशी दुपारीच नाव नोंदवा, रांग कमी असते आणि मुलांची पहिल्याच रात्री ओळख होते. उशीर झाला की गट जमलेले असतात. तिला घ्यायला गेले की 'अजून दहा मिनिटं', आणि मी बाहेर गालिच्यावर बसून वाट बघायची. त्याच बसण्यात टीव्हीवर जहाजाचा वेग दिसला: १९ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटर. एवढं अवाढव्य धूड आणि वेग गल्लीतल्या स्कूटरचा. मला उगाच हायसं वाटलं.

बंदरांबद्दल दोनच गोष्टी. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, आणि फोन न विचारता गावाची वेळ दाखवायला लागतो. थोरलीच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ बांधलं, जहाजाच्या वेळेवर, आणि तिला 'वेळमंत्री' केलं. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी परतावं लागतं. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतात, तुम्ही आपले फिरायला गेलात तर नाही. फोन समुद्रात विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं बिल घरी वाट बघत असतं. काही ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. तिथे घडीची हलकी बाबागाडीच चालते, आणि टॅक्सीत मुलांची सीट असेलच याची खात्री नाही. आम्ही चारपैकी एका बंदरावर उतरलोच नाही. सगळे खाली गेले, घसरगुंडीला रांग शून्य. सगळ्यात मजेचा दिवस तोच.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावर मिळतात. म्हणून सकाळचे कपडे, दात घासायचं सामान आणि मुलांचे बूट बाजूला काढून मगच बॅगा बंद करा. आम्ही कपडे काढले, दात घासायचं सामान काढलं. थोरली देश सोडून परक्या बंदरावर उतरली ती तलावाच्या ओल्या, हिरव्या चपला फटकफटक वाजवत, आणि इमिग्रेशनच्या रांगेत सगळ्यांना कारण सांगत.