सीकमची गाठ आणि पीएएसची स्लाईड

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पेशंट सहसा मला भेटतच नाही, माझ्यापर्यंत पोचतात ते फक्त त्याच्या आतड्याचे तांदळाएवढे तुकडे. त्या दिवशी आलेल्या बायोप्सीच्या फॉर्मवर एकच ओळ होती, 'सीकम ग्रोथ, सीए?'. सीए म्हणजे कॅन्सर आणि सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, पोटात उजवीकडे खाली. त्यात सकाळीच सर्जनचा फोन, मॅडम रिपोर्ट आज मिळेल ना, शुक्रवारी हेमिकोलेक्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा तो भाग काढायचं ऑपरेशन, पोस्ट केलीय, नातेवाईकांना सांगूनही झालंय.

स्लाईड लावली. ग्रंथी सुजलेल्या, थोड्या वेड्यावाकड्या, पण कॅन्सरच्या नाहीत, बाकी सगळा स्लफ म्हणजे मेलेल्या पेशींचा आणि पूचा चिखल. अशा वेळी 'मॅलिग्नन्सी दिसत नाही, पुन्हा बायोप्सी करा' असा रिपोर्ट देता येतो आणि तो चूकही नसतो, कारण ट्यूमरच्या वरवरच्या भागातून घेतलेल्या तुकड्यात कॅन्सर सापडत नाही असं बऱ्याचदा होतं. पण सर्जनचा समज पक्का झालेला असेल तर असा रिपोर्ट येऊनही ऑपरेशन होतं, म्हणून मी वॉर्डात फोन लावला आणि रेसिडेंटला म्हटलं, बाळा, हिस्ट्री नीट सांग.

पन्नाशीचे काका, शेतावर राहणारे, विहिरीचं पाणी पिणारे. वजन उतरलेलं, शौचाला रक्त, पोटात गाठ हाताला लागते, सीटीतही ग्रोथच म्हटलेलं. आणि मग तो सहज बोलून गेला की मॅडम, वर्षभर जुलाब होऊन थांबतात म्हणे, मेडिकलमधून मेट्रोच्या (मेट्रोनिडाझोल, अमीबावरचं औषध) दोन-चार गोळ्या घेतात, बरं वाटलं की बंद.

मी परत त्या स्लफवर आले, ४० च्या लेन्सवर, अगदी कोपरा न् कोपरा. गोल, फेसाळ पेशी दिसल्या, मॅक्रोफेजसारख्याच (मॅक्रोफेज म्हणजे कचरा गिळणाऱ्या आपल्याच पेशी), पण न्यूक्लियस लहान, गोल आणि मधोमध ठिपका, आणि दोघीतिघींच्या पोटात गिळलेल्या लाल पेशी. टेक्निशियन दादांना पीएएस स्टेन (पेशीतले साखरेचे साठे रंगवणारा खास रंग) लावायला सांगितला, दुपारी स्लाईड आली तर चिखलात गडद किरमिजी गोळे चमकत होते. एंटअमीबा हिस्टोलिटिका! म्हणजे ही गाठ अमीबोमा, अमीबाच्या जुन्या इन्फेक्शनने आतड्याची भिंत सुजून झालेली. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघताना, ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते, त्यात डॉक्टरांचा दोष नाही.

लगेच सर्जनना कळवलं. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, दोन्ही असेल तर? प्रश्न अगदी रास्त होता, कॅन्सर आणि अमीबा एकत्र असू शकतात. ठरलं असं की ऑपरेशन पुढे ढकलायचं, मेट्रोनिडाझोलचा पूर्ण १० दिवसांचा कोर्स, त्यानंतर आतड्यातल्या सिस्ट (अमीबाचं कवच घेतलेलं रूप) मारायला डायलोक्सानाइड, आणि काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करायचीच, काकांना कितीही बरं वाटलं तरी. इन्फेक्शन पेटलेलं असताना आतडं कापून जोडलं की टाके न धरण्याची भीती असते, आणि अमीबाच्या अशाच अल्सरना (आतड्यातल्या जखमांना) कोलायटिस, म्हणजे आतड्याची दुसरीच सूज, समजून स्टेरॉइड दिलं तर आतडं फुटूही शकतं, म्हणून मला तो स्लफ एवढा महत्त्वाचा वाटतो. काही जण तो कचरा म्हणून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, अमीबा बसतो तिथेच!

पण हे वाचून कुणी शौचातलं रक्त अंगावर काढू नका हं, या वयात अशी गाठ म्हणजे आधी कॅन्सरच धरून तपासायचं.

दुसऱ्या कोलोनोस्कोपीत गाठीच्या जागी फक्त व्रण होता, बायोप्सीही क्लीन. घरच्यांचीही शौचाची तपासणी करून घेतली, मुलाच्या सँपलमध्ये सिस्ट निघाल्या, त्रास काहीच नाही पण त्यालाही डायलोक्सानाइड दिलं. विहिरीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकतो की आम्ही, असं काकू म्हणत होत्या, पण या सिस्ट तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे आता त्यांच्याकडे पाणी उकळूनच पितात.